डिकीतला दुसरा रांजण

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि जरा वजनदार ढोल असलेलं गाणं लावा. ठोका पडला की भिंतीवरचा हेडलाइटचा उजेड क्षणभर मंदावतो आणि पुन्हा उजळतो. गाडीत ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवलेल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. दुकानात यावर एकच औषध मिळतं: "डिकीत अजून एक बॅटरी टाका." हा सल्ला अर्धा खरा आहे. कुठला अर्धा खरा, हे कळायच्या आत लोकांचे पैसे खर्च होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्या घरात नळाला दिवसातून तासभरच पाणी येतं, तिथे रांजणाचं गणित लहान पोरालाही कळतं. रांजण पाणी साठवतो, पाणी आणतो तो नळ. गाडीत नळाचं काम अल्टरनेटर करतो, जुन्या गॅरेजमध्ये त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. बॅटरी हा रांजण. दुसरा रांजण आणला म्हणून नळाची धार वाढत नाही, उलट तो दुसरा रांजणही त्याच धारेतून भरायचा असतो.

आता आकडे घेऊ. लहान पेट्रोल हॅचबॅकमध्ये पुढे साधारण ३५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर ३५ तास पुरेल इतक्या साठ्याची) बॅटरी असते आणि ७० ते ९० अँपिअरचा अल्टरनेटर. पण त्याच्यावर छापलेला आकडा इंजिन पळत असतानाचा असतो. सिग्नलला गाडी उभी असताना त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. त्यातून हॅलोजन हेडलाइट १० अँपिअर घेतात, एसीचा ब्लोअर आणि कंडेन्सरचा पंखा मिळून वीसेक, फ्यूल पंप, इग्निशन आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) मिळून अजून दहाएक. म्हणजे पावसाळ्यात संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीकडे गाण्यासाठी जवळपास काहीच उरत नाही. ५०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग ५०० वॉट देणारा, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरात त्याला ६२५ वॉट लागतात, म्हणजे साडेतेरा व्होल्टला सुमारे ४६ अँपिअर. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर त्याहून बराच जास्त. गाण्याची सरासरी याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा कमीच राहते, पण ठोका सरासरी बघून पडत नाही.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. इंजिन चालू असताना गाडीतला व्होल्टेज १३.८ ते १४.४ असतो आणि पूर्ण भरलेली, शांत पडलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ वर असते. म्हणजे व्होल्टेज तेराच्या खाली घसरेपर्यंत बॅटरी नेटाने वीज द्यायला लागतच नाही, तोवर ती घेतच असते. इंजिन चालू असताना दुसरी बॅटरी ठोक्यापुरती थोडी मदत करते हे खरं, पण एरवी ते घरातलं अजून एक खाणारं तोंडच असतं. अल्टरनेटर तोकडा असेल तर आधी अर्धपोटी असलेल्या बॅटऱ्या एकाच्या दोन होतात, इतकंच.

म्हणून बॅटरी विकत घेण्याआधी मल्टीमीटर घ्या. इंजिन चालू ठेवून मोठ्या आवाजात बेस वाजवा आणि दोन ठिकाणी मोजा: पुढच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर, आणि ॲम्प्लिफायरच्या पॉवर आणि ग्राउंडच्या स्क्रूंवर. ५० हर्ट्झचा सलग सूर वापरला तर आकडा स्थिर दिसतो, पण चार-पाच सेकंदांच्या वर वाजवू नका, वूफरची कॉइल तापते. समजा बॅटरीवर १३.९ चा १३.६ झाला आणि ॲम्प्लिफायरवर मात्र १२.४ दिसला. मधला सव्वा व्होल्ट वायरीत, फ्यूजच्या पकडीत नाहीतर अर्थिंगमध्ये जळतोय. इथे बॅटरी टाकणं म्हणजे गळक्या पाइपवर मोठी टाकी बसवणं. उलट दोन्ही ठिकाणी व्होल्टेज सारखाच बाराच्या आसपास कोसळला, तर वायरिंग ठीक आहे आणि पुरवठाच कमी पडतोय. दोन दुखणी वेगळी, औषधंही वेगळी: पहिल्याला वायरिंग, दुसऱ्याला मोठा नळ, म्हणजे अल्टरनेटर.

पहिल्या दुखण्यावर आधी ॲम्प्लिफायरची वायर, फ्यूजची पकड आणि अर्थिंग नीट करा. त्याच्या जोडीला स्वस्त उपाय म्हणजे बोनेटखालच्या तीन वायरी जाड करणं: अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हला, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला, आणि इंजिन ब्लॉकपासून बॉडीला. कंपनीच्या मूळ वायरी काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला नव्या टाकायच्या, आणि अल्टरनेटरच्या नव्या वायरीत फ्यूज घालायचा. बऱ्याच गाड्यांचं मिणमिणणं इथेच थांबतं. एक फॅरडचा कपॅसिटरही याच दुखण्यावर विकला जातो, त्याचं गणित करून पाहा: १४.४ वरून १२.६ व्होल्टपर्यंत उतरताना तो साधारण २४ जूल देतो. हजार वॉटच्या मागणीला ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतात.

आणि व्होल्टेज पडला म्हणून आवाज किती कमी होतो? पुरवठा १४.४ वरून १२ वर आला तर साध्या ॲम्प्लिफायरची ताकद जवळपास ३० टक्क्यांनी घटते. ऐकताना हा फरक दीड डेसिबलच्या आसपास भरतो, तो कानाला जेमतेम कळतो. खरा त्रास पुढे होतो. ॲम्प्लिफायर लवकर क्लिप व्हायला लागतो, म्हणजे आवाजाच्या लाटांची टोकं कापायला लागतो, आवाज फाटतो, आणि आपण आवाज कमी वाटतो म्हणून गेन अजून चढवतो. वूफर जळतात ते अशा वेळी.

मग दुसरी बॅटरी नक्की कुणासाठी? जो इंजिन बंद करून ऐकतो त्याच्यासाठी. शेतावर, समुद्रकिनारी, घाटमाथ्यावर गाडी लावून दोन तास गाणी ऐकायची आणि परतताना सेल्फ मारल्यावर गाडी पहिल्या झटक्यात चालू व्हायला हवी, ही गरज अगदी रास्त आहे. ती नवीही नाही. १९३० च्या आसपासचे व्हॅक्यूम ट्यूबवाले कार रेडिओ गाडीच्या बॅटरीवर पूर्ण चालत नसत, ट्यूबांना लागणाऱ्या चढ्या व्होल्टेजसाठी त्यांच्या वेगळ्या 'बी' बॅटऱ्या गाडीतच कुठेतरी बसवाव्या लागत. गाडीतल्या गाण्यासाठी वेगळी बॅटरी ही कल्पना कार रेडिओइतकीच जुनी आहे.

अशा वापरासाठी हिशोब सोपा आहे. मध्यम आवाजात ४००-५०० वॉटची सिस्टीम सरासरी १५ अँपिअर ओढते असं धरा. मागे ६५ अँपिअर-अवरची एजीएम (ॲसिड काचेच्या चटईत शोषून ठेवणारी सीलबंद) बॅटरी असेल आणि तिचं आयुष्य टिकवायचं असेल, तर निम्मीच वापरायची, म्हणजे ३२ अँपिअर-अवर. दोन तास. त्याहून थोडे कमीच धरा, कारण बॅटरीवरचा आकडा वीस तासांत सावकाश उतरवून काढलेला असतो. ६५ चा अर्थ सव्वातीन अँपिअर वीस तास. भराभर ओढलं की हाती येणारा साठा आक्रसतो. आणि शंभर मीटरवर घरं असतील तर रात्री दहानंतर हे गणित करूच नका. दहा ते सहा लाउडस्पीकरला बंदी आहे आणि कुणाच्या तरी घरी लहान मूल झोपलेलं असतं.

डिकीत बॅटरी ठेवायची तर ती सीलबंद व्हीआरएलएच (झडप असलेली लेड-ॲसिड) हवी, एजीएम हा तिचाच एक प्रकार. साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते, आणि हॅचबॅकची डिकी म्हणजे माणसं बसतात तीच खोली. घरात पडून असलेली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी डिकीत टाकायचा मोह अनेकांना होतो. तो आवरा. ती पन्नासेक किलोची, ॲसिडने भरलेली आणि सावकाश वीज द्यायला बनवलेली असते, ठोक्याला लागणारा झटका तिच्याकडे नसतो. यूपीएसच्या व्हीआरएलए बॅटऱ्या चालतात, पण त्यांच्या अंगावर चार्जिंगचा कमाल करंट छापलेला असतो, बहुधा क्षमतेच्या पाव ते तीन-दशांश पट. ४२ अँपिअर-अवरच्या बॅटरीला दहा-बारा अँपिअर. रिकामी बॅटरी थेट अल्टरनेटरवर लावली तर ती त्याहून कितीतरी जास्त ओढेल आणि फुगेल. स्टार्ट-स्टॉप गाड्यांसाठीची ७० अँपिअर-अवरच्या आसपासची एजीएम घ्या, ती ठोक्याचा झटका आणि सावकाश पुरवठा, दोन्ही कामं सोसते. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी आणि उत्तम, पण मध्ये डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून मोजकाच करंट घेऊन बॅटरी भरणारा) असेल तरच. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की आयडलिंगवर ती अल्टरनेटर अक्षरशः जाळून टाकू शकते.

आणि सीएनजीची टाकी डिकीत असेल तर तिच्या शेजारी बॅटरी, रिले, फ्यूज यातलं काहीच नको. या बाबतीत माझ्याकडे दुसरं मत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आणि तोडणारा. थेट समांतर जोडल्या तर इंजिन बंद असताना दोन्ही एकदमच उतरतात, मग दुसरीचा उपयोग काय? शिवाय जुनी बॅटरी नवीला खाली ओढत राहते. डायोडचा आयसोलेटर दोघींना वेगळं ठेवतो, पण साधा सिलिकॉन डायोड पाऊण व्होल्ट खातो आणि मागची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. राहिले दोन मार्ग. पहिला साधा सोलेनॉइड रिले, इंजिन चालू झालं की दोघींना जोडणारा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड बसवणं. दिसायला तो तसाच दिसतो, स्वस्तही मिळतो, पण त्याची कॉइल दोन-चार सेकंदांच्या कामासाठी गुंडाळलेली असते. सतत चालू ठेवला की तापतो, वास येतो आणि जळतो, कधी कधी आतले संपर्क चिकटून कायमचा जोडलेलाच राहतो. मागताना 'कंटिन्युअस ड्यूटी' असंच मागा, १०० किंवा २०० अँपिअरचा. दुसरी चूक त्याच्या ट्रिगरची, म्हणजे रिलेला चालू करणाऱ्या वायरीची. ती वायर ॲक्सेसरीवरून किंवा स्टिरिओच्या निळ्या रिमोट वायरीवरून घेतली, तर इंजिन बंद करून गाणं लावताच रिले जोडला जातो आणि पुढची बॅटरीही रिकामी होते. ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच पाण्यात.

म्हणून मला व्होल्टेज पाहून चालणारा रिले जास्त पटतो. पुढच्या बॅटरीवर साधारण १३.३ ते १३.७ व्होल्ट दिसले, म्हणजे अल्टरनेटर कामाला लागला, की तो जोडतो. १२.८ च्या खाली गेलं की तोडतो. ट्रिगरची भानगडच नाही. तो बोनेटखाली, पुढच्या बॅटरीजवळच बसवा. डिकीत बसवला तर लांब वायरीतली घट धरून तो चुकीचा आकडा वाचतो. मात्र बीएस-६ च्या कित्येक गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज ईसीयू ठरवतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो साडेबारापर्यंत खाली आणतो, ब्रेकवर पंधराच्या आसपास नेतो. अशा गाडीत हा रिले दिवसभर जोड-तोड करत बसतो आणि मागची बॅटरी उपाशी राहते. तिथे २० ते ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जरच लागतो, लेड-ॲसिडलासुद्धा. निगेटिव्ह टर्मिनलवर चौकोनी सेन्सर दिसला तर तुमची गाडी त्यातली असण्याची दाट शक्यता आहे. त्या सेन्सरला वळसा घालून थेट टर्मिनलवर काहीही जोडू नका, नवी अर्थिंग बॉडीला घ्या, नाहीतर ईसीयूचा हिशोब चुकतो. ज्या सौम्य हायब्रिड गाड्यांत कंपनीचीच दुसरी लिथियम बॅटरी सीटखाली आहे, तिथे तर स्वतः हात घालूच नये.

वायर. बोनेटपासून डिकीपर्यंत वळणं धरून पाचेक मीटर. शुद्ध तांब्याची ३५ चौरस मिलिमीटर वायर घेतली तर १०० अँपिअरला पाव व्होल्ट घटतो, २५ ला एक तृतीयांश, १६ ला अर्ध्याहून जास्त. बाजारात पेटीबंद किटमध्ये जी चकचकीत जाड वायर मिळते ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. एक तार ब्लेडने खरवडून पाहा, आत पांढरी दिसली की कळतं. वेल्डिंगची तांब्याची केबल हा चांगला, लवचिक आणि रास्त पर्याय आहे, फक्त इंजिनजवळ तिच्यावर उष्णता सोसणारी नळी चढवा.

लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी, बोल्टसाठी भोक असलेली धातूची नळी, लावणं हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित कौशल्य. वायरीचं आवरण लगाच्या नळीइतकं अधिक दोन मिलिमीटर सोलायचं, एकही तार न कापता. तारा पिळायच्या नाहीत, आहेत तशा सरळ आत सरकवायच्या, अगदी टोकाच्या भोकातून दिसेपर्यंत. मग हायड्रॉलिक क्रिंपरमध्ये ३५ ची डाय लावून एकदा मधोमध आणि एकदा मुळाशी दाबायचं. नीट दाबलेला लग करवतीने कापला तर आत तारा वेगळ्या दिसत नाहीत, तांब्याची एकच घट्ट षटकोनी वडी दिसते. छिन्नी-हातोड्याने ठोकलेल्या लगात मात्र काळ्या फटी राहतात, त्यांत ओल शिरते, हिरवा गंज चढतो आणि वर्षभरात तोच सांधा तापायला लागतो. नुसत्या सोल्डरच्या डागावर विसंबू नका. डाग संपतो तिथे तार कडक होते आणि गाडीच्या कंपनाने नेमकी तिथेच तुटते. शेवटी आतून डिंक असलेली हीट श्रिंक चढवायची आणि लग धरून जीव खाऊन ओढून पाहायचा.

फ्यूज दोन लागतात, एक नाही. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणजे मधली वायर कुठेही पत्र्याला घासली तर दोन्हीकडून करंट धावतो. चांगली बॅटरी शॉर्ट झाल्यावर हजारावर अँपिअर सहज देते, वायर लाल होते आणि शेजारचं कार्पेट पेटतं. प्रत्येक बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत एक एएनएल किंवा मेगा (जास्त करंटचा मोठा) फ्यूज हवा. त्याचा आकडा ॲम्प्लिफायर पाहून ठरवायचा नसतो, वायर पाहून ठरवायचा: ३५ चौरस मिलिमीटरला १५० अँपिअर, २५ ला १०० किंवा १२५. मागच्या बॅटरीपासून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वायरीला त्याचा वेगळा. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट विसरलात तर पत्र्याची कड दोन पावसाळ्यांत आवरण खाते. पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलच्या आरसीए वायरी (स्टिरिओपासून ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या) दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते.

मागची अर्थिंग अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको आणि पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. पत्र्यावरचा रंग चकाकी येईपर्यंत घासा, एम८ चा बोल्ट, दातेरी वॉशर, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग, कोकणात तर नक्कीच. सीट बेल्टचा बोल्ट आयता सापडतो पण तो वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते पाहा. बॅटरी वीस किलोची असते. धडक झाली तर ती मागच्या सीटवर बसलेल्यांवर येईल हे डोळ्यांसमोर आणा, मग इलास्टिकचा पट्टा बांधावासा वाटणार नाही. लोखंडी ट्रे, वरून पट्टी, पत्र्याखाली रुंद वॉशर, आणि पॉझिटिव्हवर टोपी.

जोडणीचा क्रम: आधी पुढच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मागची बॅटरी जोडण्यापूर्वी घरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्या, नाहीतर पहिल्या जोडणीलाच भरलेलीकडून रिकामीकडे मोठा झोत जातो. सगळं आवळून झाल्यावर निगेटिव्ह लावा आणि फ्यूज सर्वांत शेवटी बसवा. इंजिन चालू करा, रिले जोडल्याचा खट् आवाज येईल, तेव्हा मागे १३.८ च्या आसपास दिसायला हवं. पुढच्या-मागच्यात पाव व्होल्टाहून जास्त फरक असेल तर सांधे तपासा. मागच्या बॅटरीवर १२ व्होल्टला तोडणारा कटऑफ बसवला तर ती कधी खोल उतरणार नाही. आणि लक्षात असू द्या, दोन तास ऐकून काढलेले तीस अँपिअर-अवर वीस मिनिटांच्या शहरातल्या फेरीत परत येत नाहीत. लेड-ॲसिड शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते. आठवड्यातून एकदा लांब पल्ला नाहीतर रात्रभर चार्जर, इतकं तरी करावं लागतं. विदर्भातल्या उन्हात बंद डिकीतली बॅटरी लवकर म्हातारी होते, तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, तेव्हा तिथे सावलीची जागा धरा.

कधी पुढची बॅटरी उतरलीच, तर दोघींना हाताने जोडून लगेच सेल्फ मारू नका. सेल्फ शे-दीडशे अँपिअर सहज ओढतो, कधी त्याहून जास्त, आणि १५० चा फ्यूज उडू शकतो. जोडा, दहा-पंधरा मिनिटं मागचीला पुढचीत थोडी ओतू द्या, मग किल्ली फिरवा.

महिन्याभराने सगळे नट पुन्हा आवळा. तासभर गाणं वाजल्यावर प्रत्येक लगाला बोट लावून पाहा, जो गरम लागेल तो कापून नवा लावा. आणि रात्री इंजिन बंद ठेवून पोटभर ऐकलं असेल, तर सकाळी किल्ली फिरवण्याआधी पुढच्या बॅटरीवर मीटर लावा. तिथे १२.६ दिसायला हवेत.